अंगावर काटा आणणारी प्रार्थना

"आदरणीय मावशी, सलाम.

मी 43 वर्षांची आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, आता पिंपरीत राहते. इस्पितळात स्टाफ नर्स आहे. मिस्टर आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. लग्न झाल्यापासून दर रविवारी मी दुसऱ्या बाकावर असते, आणि बुधवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी भरणारी प्रार्थनासभा, माझ्या प्रार्थनेशिवाय होत नाही. 'ताईंची प्रार्थना ऐकली की अंगावर काटा येतो,' असं बायका म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पाचव्या दिवशी मी ड्युटीवर हजर झाले. तेव्हापासून माझ्या आत काहीच नाही. प्रार्थनेला उभी राहिले की शब्द आपोआप येतात, जिभेला सवय आहे. आवाज कुठे बारीक करायचा, कुठे थांबायचं, सगळं ठाऊक आहे. मागच्या महिन्यात प्रार्थना करता करता मनात गॅसवर ठेवलेल्या डाळीचा विचार चालू होता आणि समोर एक म्हातारी रडत होती. घरी आल्यावर मला स्वतःची किळस आली.

मुलगी सतरा वर्षांची आहे. यंदा तिचं दृढीकरण, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी, पण ती नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणाली, 'मम्मी, चर्चमध्ये तू अर्धा तास डोळे मिटतेस. घरात मिटलेले मी एकदाही पाहिले नाहीत.' मिस्टर म्हणतात, विधी उरकून घेऊ, सेक्रेटरीचीच मुलगी मागे राहिली तर लोक काय म्हणतील. त्यात कापणीच्या सणाला मी साक्ष द्यायची असं पंचांनी ठरवलंय. विषय, 'दुःखात प्रभूने मला कसं सांभाळलं.'

वॉर्डात मात्र बरं वाटतं. रात्रपाळीला एखादा पेशंट म्हणतो, सिस्टर, जरा बसा. मी हात धरून बसते. तेव्हा डोकं शांत असतं. पण ती काही प्रार्थना नव्हे.

आईच्या पाटल्या माझ्याकडे आहेत, त्यावरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे, पण तो विषय वेगळा.

मावशी, मी ढोंगी आहे का? चर्च सोडून द्यावं का?"

सलाम, बाई.

तुझं पत्र चार पानी होतं. जागेपुरतं ठेवलं, नावगाव काढलं. पाटल्यांची ओळ तिसऱ्या पानाच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात होती. ती मी मुद्दाम ठेवली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी डाळ.

प्रार्थनेत डाळ आठवणं हा गुन्हा नव्हे. गॅस चालू ठेवून मीटिंगला जाणं हा आहे. मी चाळीसेक वर्षं उपासनेला बसते आहे, आणि उपदेशाचा तिसरा मुद्दा सुरू झाला की माझ्या डोक्यात दुपारचं मटण शिजायला लागतं. माणसाचं मन असंच आहे, त्याची किळस करत बसलीस तर आयुष्य पुरायचं नाही. आणि मला वाटतं, तुला किळस डाळीची आलीच नाही. समोरच्या म्हातारीला आपण नुसत्या आवाजाने रडवू शकतो हे तुला त्या संध्याकाळी कळलं, त्याची आली. हातात अशी कला आहे हे एकदा कळलं की माणूस पहिल्यासारखा राहत नाही. कीर्तनकारांना हे होतं, पाळकांना होतं, पुढाऱ्यांना तर रोजच होत असेल. काहींना त्याची चटक लागते. तू घाबरलीस, हे मला बरं लक्षण वाटतं.

आता तुझा शब्द, ढोंगी. शुभवर्तमानात शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, येशू जो शब्द वापरतो तो मूळ ग्रीकमध्ये रंगमंचावरच्या नटासाठी होता. आपल्या मराठीत त्याचे दोन तुकडे पडले आहेत, सोंग आणि ढोंग, आणि ते पडले ते फार चांगलं झालं. भारुडातला बाप्या लुगडं नेसून येतो, डोक्यावर पदर घेतो, सासूच्या नावाने बोटं मोडतो. हा बाप्या आहे हे त्याला माहीत असतं, समोरच्या गावालाही माहीत असतं. खेळ संपला की लुगडं घडी करून ट्रंकेत जातं. हे सोंग. सकाळी तोच माणूस त्याच लुगड्यात वर्गणी मागायला दारात आला, तर ते ढोंग. तुझं सध्या सोंगाच्या पुढे आणि ढोंगाच्या अलीकडे कुठेतरी आहे. लुगडं अंगावर आहे हे तुला कळतंय, पण गावाला कळत नाही आणि ते उतरवायचं कुठे हे तुला सापडत नाही. म्हणून तू मला पत्र लिहिलंस.

चर्च सोडावं का? माझ्या मते नाही. आणि 'लोक काय म्हणतील' या तुझ्या मिस्टरांच्या कारणासाठी तर नाहीच नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात 23व्या अध्यायात येशू परूश्यांवर तुटून पडतो, तो अध्याय तुला पाठ असेल. ते आपले जपपट्टे (शास्त्रवचनं घालून अंगावर बांधायचे पट्टे) रुंद करतात, वस्त्रांचे गोंडे मोठे करतात, सभास्थानात पुढची आसनं धरतात. (दुसरा बाक! रागावू नकोस, मीही तिसऱ्यावर बसते.) आपण हे वाचतो आणि समजतो की येशूला गोंड्यांचा राग होता. आता त्याच पुस्तकात मागे 9व्या अध्यायात जा. बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे. म्हणजे येशूच्याही वस्त्राला गोंडे होते. यहूदी माणूस होता, नियमशास्त्रात सांगितलेले गोंडे लावायचा, शब्बाथ दिवशी आपल्या रीतीप्रमाणे सभास्थानात जायचा. भांडण गोंड्याच्या लांबीवरून होतं, आणि ती लांबी कुणाला दिसावी म्हणून वाढवली यावरून. पुढे 23व्याच अध्यायात पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्यांची तो हजेरी घेतो. न्याय, दया आणि विश्वास यांचं काय केलंत, विचारतो. पण जिऱ्याचा दशांश बंद करा असं काही म्हणत नाही. त्या गोष्टी करायच्या होत्या आणि ह्या सोडायच्या नव्हत्या, असं म्हणतो. तेव्हा तुझी रविवारची पांढरी साडी, उपासना संगीताचं पुस्तक, प्रभुभोजनाआधी चप्पल काढणं, यातलं काही टाकायची गरज नाही. गोंडा किती वाढला आहे ते तेवढं बघायचं.

आणि हे बघणं सोपं नसतं. माझी वसईची एक कॅथलिक मैत्रीण आहे, शाळेत होती माझ्याबरोबर, आता निवृत्त. राखेच्या बुधवारी त्यांच्याकडे जे शुभवर्तमान वाचतात ते मत्तय 6मधलं. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे लोकांना दिसू नये. हे वाचून झालं की पुढे जाऊन कपाळावर राख लावून घ्यायची आणि घरी यायचं! मी तिला एकदा विचारलं, ही राख तू पुसतेस का? म्हणाली, "लोकलच्या डब्यात कोण आहे त्यावर ठरतं. ओळखीच्या ख्रिस्ती बायका असल्या की राहू देते, ऑफिसची माणसं असली की रुमाल काढते." मग स्वतःच हसली आणि म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून लोकांसाठीच." इतकं खरं उत्तर मी बऱ्याच उपदेशांतही ऐकलेलं नाही.

आता माझी गोष्ट ऐक, कारण दुसऱ्यांचे गोंडे मोजणं मलाही आवडतं. 1998 सालचा कापणीचा सण. उपासना झाल्यावर देवळाच्या आवारात लिलाव. कुणी कोंबडी आणलेली, कुणी बाजरीची कणसं, केळीचा घड, आणि एक लाल भोपळा. भोपळा सुरू झाला वीस रुपयांवर. मी पन्नास म्हटलं. आमच्या मंडळीत एका डॉक्टरांची बायको होती, ती म्हणाली शंभर. मी दीडशे. ती दोनशे. लोक हसायला लागले, पाळक खूश, पोरं टाळ्या पिटतायत. सहाशे पन्नासला भोपळा माझा झाला. पुढाऱ्याने माझं नाव मोठ्याने घेतलं, 'प्रभूची स्तुती असो' झालं, आणि मी तो भोपळा पदरात घेऊन, खरं सांगते, जहागीर मिळाल्यासारखी घरी आले. त्या वेळी वाण्याची तीन महिन्यांची उधारी थकली होती. तो बिचारा सोमवारी दारात उभा राहिला, तर मी त्याला पगार झाल्यावर या म्हणाले. भोपळा आठ दिवस पुरला. भाजी, घाऱ्या, सांबार. आठव्या दिवशी माझा मुलगा ताटाकडे बघून म्हणाला, "आई, हा प्रभूचा भोपळा संपणार कधी?" देवाला काही दिलं होतं का मी? दिलं ते डॉक्टरीणबाईला दाखवायला, आणि तेही वाण्याच्या खिशातून. मराठीत म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. मी तेही आणून दाखवलं!

म्हणून बाहेरचं आणि आतलं यावर कुणी फार सफाईने बोलायला लागलं की मला भोपळा आठवतो.

पण तुझं दुखणं माझ्यासारखं नाही. माझ्याकडे मिरवण्याची हौस होती. तुझ्याकडे रिकामपण आहे, आणि वर प्रार्थना चालू आहे. या दोन गोष्टी एका टोपलीत टाकू नकोस.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. बाई किती कडक होत्या बघ. बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावर तिथल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून वाद घातला. बाहेरच्या खुणेला काय किंमत द्यायची हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त सापडलेला नाही. आठ वर्षं! त्या काळात त्या अमेरिकेत भाषणं देत होत्या, शारदा सदन उघडत होत्या, विधवांना पोटाशी धरत होत्या. त्यांना ढोंगी म्हणायची तुझी छाती होईल का? माझी नाही होणार. आणि आपण ज्या मुक्ती मिशनचं नाव घेतो ते केडगावचं काम त्यानंतरचं.

मदर तेरेसांचं तुला माहीत असेल. त्या 1997मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं छापली गेली. त्यांतून कळलं की कलकत्त्यातलं काम सुरू झाल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत त्यांना आत अंधार होता, देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. एका पत्रात तर त्या म्हणतात की मी देवाच्या प्रेमाबद्दल लोकांशी असं बोलले की तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, काय हा दांभिकपणा. तुझाच शब्द. पण एक गोष्ट त्यांनी केली जी तू दोन वर्षांत केली नाहीस. ज्यांच्यापाशी मन मोकळं करायचं त्या धर्मगुरूंना त्या हे लिहीत राहिल्या. अंधार सगळ्या गावाला सांगितला नाही, पण कुणालाच सांगितला नाही असंही नाही.

तेव्हा पहिलं काम, एका माणसाला सांग. मी धरायची नाही, मी छापील मावशी. तुमच्या पाळकांना सांगता आलं तर उत्तम. त्यांना सांगितलेलं शनिवारी पंचांच्या बैठकीत पोचेल अशी धास्ती असेल तर नको. तुझ्याबरोबर रात्रपाळी करणारी एखादी सिस्टर असेल, ख्रिस्ती नसली तरी चालेल. आणि नर्स आहेस म्हणून विचारते, झोप कशी आहे? जेवण? आई गेल्यावर पाचव्या दिवशी कामावर गेलीस, मधे कुठे रडलीस का? पेशंटच्या बाबतीत हे सगळं तू चार्टवर लिहून ठेवलं असतंस. दोन वर्षं काहीच वाटत नाही अशी कुणी तुझ्यापुढे आली असती तर तिला तू उपास-प्रार्थनेच्या सभेला पाठवलं असतंस, की आधी डॉक्टरकडे? इस्पितळातच आहेस, मानसोपचाराच्या ओपीडीत एकदा जाऊन बस. त्याने विश्वास कमी होत नाही.

बुधवारचं काय करायचं? सहा महिने प्रार्थना चालवू नकोस. "माझा आवाज जरा विश्रांतीला ठेवते, मी वाचन करते," एवढं म्हण. आणि बायबलातलं स्तोत्र 88 वाच. दीडशे स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटाला तरी कुठेतरी फटफटतं. याच्यात नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. ज्यांनी शास्त्र गोळा केलं त्यांनी ते गाळलं नाही, सुधारलं नाही, शेवटी एक हालेलूया चिकटवलं नाही. रोज हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, एवढंच तो माणूस विचारत राहतो. तुझ्या जिभेला जी वाक्यं येतात त्यांपेक्षा ही वाक्यं सध्या तुझ्या मापाची आहेत. वाचताना आवाज बारीक करू नकोस म्हणजे झालं.

साक्ष देऊ नकोस. यात मी 'बघ, विचार कर' असं काही म्हणणार नाही. आपल्याकडे साक्षीचा एक साचा झाला आहे. आधी अंधार, मग प्रभू, मग उजेड, शेवटी टाळ्या. नोकरी लागली, गाठ विरघळली, नवऱ्याची दारू सुटली. ज्यांचं खरंच तसं झालं त्यांनी जरूर सांगावं, मी पहिल्या टाळ्या वाजवीन. पण तुझं अजून मधल्या ठिकाणी आहे. तू उभी राहून शेवट रचलास तर तू तो इतका छान रचशील की अख्खी मंडळी रडेल, आणि नेमकं तेच तुला नको आहे. पंचांना सांग, "यंदा माझ्याकडे सांगण्यासारखं नाही." कारण देऊ नकोस. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. सणाला एक भोपळा ने आणि लिलावात गप्प बस.

मुलीबद्दल. तिचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून प्यायले. सतरा वर्षांच्या पोरी असं बोलतात कारण त्यांना अजून बघता येतं. आता तुझ्या हातून एक चूक होण्यासारखी आहे, ती आधीच सांगते. उद्यापासून तू संध्याकाळी हॉलमध्ये तिला दिसेल असं बसून डोळे मिटायला लागशील. करू नकोस. तेही दाखवणंच, फक्त प्रेक्षक एक. खोलीत जा, दार लाव, असं येशू म्हणाला ते यासाठीच. त्या खोलीत तू प्रार्थना करतेस की भिंतीकडे बघत बसतेस हे तिला कळायची गरज नाही.

तिला खरं ते सांग. "तू बघितलंस ते बरोबर आहे. आजी गेल्यापासून मला जमत नाही. चर्चमध्ये सवयीने होतं." एवढंच. ती रडेल किंवा खांदे उडवून मोबाइल बघेल, दोन्ही चालेल. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी तुझ्या नावाने जे कबूल केलं ते आता तू आपल्या तोंडाने कबूल कर. जी मुलगी म्हणते माझ्या तोंडात ते अजून बसत नाही, ती त्या विधीचा अर्थ घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त गंभीरपणे घेते आहे. मिस्टरांना विचार, आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा झाला 1895 साली. त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा कधी? 1900 साली. मधली पाच वर्षं त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं, वाद घातले, रडल्या, आणि मग आपल्या पायांनी आल्या. टिळकांसारख्या माणसाच्या बायकोला पाच वर्षं लागली, तर सेक्रेटरींच्या मुलीला एक वर्ष मिळायला हरकत नाही. पुढे 1917 साली टिळकांनी स्वतः मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही त्यात जागा ठेवली. हा माणूस तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचा. माळा-टिळ्यांवर तुकोबांनी जे कोरडे ओढलेत ते तो वाचून आला होता, त्यामुळे आपल्या मंडळ्यांतले माळा-टिळेही त्याला बरोबर दिसत असावेत.

वॉर्डाबद्दल तू लिहिलंस, "ती काही प्रार्थना नव्हे." असेल बाई, नसेल. मी त्याला नाव देत नाही, कारण नाव दिलं की तू ते बुधवारच्या मीटिंगला घेऊन जाशील. फक्त मत्तय 25 एकदा पुन्हा वाच आणि या वेळी उजवीकडच्या लोकांचं उत्तर नीट बघ. राजा त्यांना म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात. आणि ती माणसं 'हो प्रभू, आलो होतो' असं म्हणत नाहीत. ती गोंधळतात. केव्हा? आम्ही तुला केव्हा पाहिलं? त्यांच्याकडे साक्ष तयार नसते.

आता पाटल्या.

"तो विषय वेगळा" असं तू लिहिलंस. चार पानांत एवढंच एक वाक्य आहे जे मला पटलं नाही. पाटल्यांमुळे तुझी प्रार्थना बंद पडली असं मी मुळीच म्हणत नाही. देव सोन्यावर रुसून बसतो असा माझा विश्वास नाही, आणि आई गेल्यावर रिकामं होणाऱ्या सगळ्याच बायकांकडे पाटल्या नसतात. खरं कुणाचं हेही मला ठाऊक नाही. कदाचित आईने तुलाच दिल्या असतील. कदाचित आजारपण तू काढलंस आणि भावजयीने तोंडावर नाही ते ऐकवलं असेल. असंच असतं बहुतेक घरांत. पण आतला विश्वास कुठे असतो असं तू मला विचारतेस, आणि मला तो दिसण्यासारखी तुझ्या आयुष्यातली एकच जागा या पत्रात सापडते, ती म्हणजे भावाचं दार. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. हे तू बायकांना किती वेळा वाचून दाखवलं असशील! त्यात 'चूक तुझी असेल तर' असं म्हटलेलं नाही, हे मला फार वर्षांनी दिसलं. त्याच्या मनात काही आहे, एवढंच पुरे.

तर जा. सणाच्या आधी जाऊ नकोस, सणासाठी केलं असं होईल. नाताळात तर नाहीच. एखाद्या साध्या मंगळवारी, सुट्टी काढून. पाळकांना मध्यस्थ नेऊ नकोस, मिस्टरांना नेऊ नकोस. बायबल पर्समध्ये असलं तर असू दे, काढू नकोस, आणि 'चला आधी प्रार्थना करू' म्हणून तर अजिबात सुरुवात करू नकोस, तुझा आवाज सगळ्यांना रडवतो हे विसरू नकोस. मुलगी येते म्हणाली तर येऊ दे. नाही म्हणाली तर तिला सांगून जा, कुठे जातेस ते.

पाटल्या बरोबर घे. दोन्ही घे. एक ठेवायची, एक द्यायची, की दोन्ही द्यायच्या, की त्यानेच म्हणायचं ताई राहू दे तुझ्याकडे, हे तिथे बसल्यावर ठरू दे. घरून ठरवून गेलीस तर तेही भाषणच होईल. भाऊ घरी नसला तर भावजयीच्या हातात ठेवून परत फिरू नकोस, चहा घे, थांब. आणि जायच्या आधी सोनाराकडे वजन करून घेऊ नकोस. चिठ्ठी जवळ असली की बोलणं चिठ्ठीवरच येतं.